ग्रंथालयात नकाशाचे टेबल हवे : नाशिकमधील विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि ग्रंथपाल,
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ,
नाशिक.

विषय : विद्यापीठ ग्रंथालयात जीआयएसच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाची कायमस्वरूपी व्यवस्था करण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. संगणकावर नकाशा आणि त्यावरची माहिती एकत्र हाताळणारी भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे ज्याला आता सगळेच जीआयएस म्हणतात, ती विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी वापरायला शिकावी यासाठी मी अनेक वर्षे धडपडते आहे. त्या अनुभवाच्या आधारे मी आपल्याला एक विनंती करते. आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जीआयएसच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाची कायमची सोय व्हावी. ती एखाद्या विभागाच्या मालकीची नसावी. कोणत्याही शाखेचा विद्यार्थी, संशोधक आणि सभासद झालेला सामान्य नागरिक यांना तेथे येता यावे. आणि प्रशिक्षण संपल्यावर अडलेले काम घेऊन परत आले तर मदत करणारा जाणकार माणूस तेथे रोज बसलेला असावा. यातली शेवटची मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्याविषयी आधी लिहिते.

सध्या बहुतेकांना जीआयएसची ओळख होते ती एक-दोन दिवसांच्या कार्यशाळेत. सकाळी उद्घाटन आणि व्याख्यान होते, दुपारी सर्वांच्या संगणकावर एकच तयार फाइल उघडली जाते, प्रशिक्षक सांगतील तेथे क्लिक केले जाते, जिल्ह्याचा नकाशा रंगतो आणि सायंकाळी प्रमाणपत्रे वाटली जातात. शिकवणारे तळमळीने शिकवतात, यात मला शंका नाही. पण त्या दिवशीची माहिती आधीच कोणीतरी नीट करून ठेवलेली असते आणि विद्यार्थ्याच्या गावाची माहिती तशी कधीच मिळत नाही. नदीपासून ५०० मीटरच्या आत किती घरे येतात एवढेच त्याला पाहायचे असते. तो बफरच्या, म्हणजे ठरावीक अंतराचा पट्टा आखून देणाऱ्या सोयीच्या, चौकटीत ५०० हा आकडा घालतो. पण त्याची लेयर, म्हणजे नकाशातला माहितीचा थर, अक्षांश-रेखांशांत असल्यामुळे संगणक ते ५०० अंश समजतो, आणि अक्षांशाचा एक अंशच सुमारे १११ किलोमीटरचा असतो. ती लेयर आधी यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वी पट्ट्यापट्ट्यांनी सपाट मांडणाऱ्या नकाशापद्धतीच्या, ४३ उत्तर या पट्ट्यात आणायला हवी. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधल्या त्या पट्ट्यात आपला सगळा जिल्हा बसतो आणि तेथे मोजमाप मीटरमध्ये होते. हे समजावून द्यायला दोन मिनिटे पुरतात, पण ती दोन मिनिटे देणारा माणूस शेजारी नसेल तर पडद्यावर उमटलेला तो प्रचंड रंगीत डाग पाहून विद्यार्थी सॉफ्टवेअर बंद करतो आणि बहुधा पुन्हा उघडत नाही. असे सोडून दिलेले प्रकल्प मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या मुलांना विषय कळत नव्हता असे मुळीच नाही. त्यांना विचारायला जागा नव्हती.

ही जागा ग्रंथालयच का असावी, असा प्रश्न आपल्यासमोर येईल. विभागाची प्रयोगशाळा त्या विभागाच्या वेळापत्रकाने चालते आणि तास संपला की तिला कुलूप लागते. ग्रंथालयाचे वाचनकक्ष मात्र मुळातच सर्वांसाठी असतात. तेथे परिचर्या शिकणारी मुलगी, इतिहासाचा संशोधक आणि कृषी पदविकेचा विद्यार्थी एकाच टेबलाशी बसू शकतात, आणि जीआयएसची गरज या तिघांनाही आहे. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने १९९२ साली ग्रंथालयांमध्ये जीआयएस साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला, आणि आज मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसह तेथील अनेक विद्यापीठांत जीआयएसचे प्रशिक्षण आणि सल्ला ग्रंथालयातूनच दिला जातो.

याहून महत्त्वाचे कारण ग्रंथपालांच्या विद्येत आहे. हे पुस्तक कोणाचे, कोणत्या आवृत्तीचे, केव्हा छापलेले, हे प्रश्न ग्रंथपाल रोज विचारतात. नकाशाची लेयर हाती आली की नेमके हेच विचारायला हवे असते : ही सीमारेषा कोणी काढली, कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणावरून काढली, मूळ नकाशाचे प्रमाण काय होते. विद्यार्थी यातले काहीच न विचारता इंटरनेटवरून मिळालेली फाइल उचलतात आणि १ : १०,००,००० प्रमाणाच्या नकाशावरून काढलेली नदी गावाच्या नकाशावर ठेवून ती मंदिरातून का वाहते म्हणून चक्रावतात. हे प्रश्न विचारण्याची सवय ग्रंथालयात जितकी सहज लागेल तितकी प्रयोगशाळेत लागणार नाही, असे माझे मत आहे.

आता आपल्या शहराकडे येते, कारण प्रशिक्षण कोणत्या माहितीवर द्यायचे हा या पत्रातला दुसरा मुद्दा आहे. २० अंश उत्तर हे अक्षवृत्त नाशिक शहरातून जाते. पंचवटी त्याच्या उत्तरेला येते, नाशिकरोड दक्षिणेला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेत १ : ५०,००० प्रमाणाचा प्रत्येक स्थलनिर्देशक नकाशा अक्षांश आणि रेखांश यांच्या पंधरा-पंधरा मिनिटांचा असल्यामुळे आपल्या शहराचा मुख्य भाग दोन पत्रकांत विभागलेला आहे : वरचा भाग ४६ एच/१६ मध्ये आणि खालचा ४७ ई/१३ मध्ये. म्हणजे या भागाचा जुना नकाशा हवा असेल तर दोन पत्रके स्कॅन करायची, दोन्हींच्या कोपऱ्यांवरचे अक्षांश-रेखांश देऊन जिओरेफरन्सिंग करायचे, म्हणजे ती पृथ्वीवरच्या खऱ्या जागी बसवायची, आणि मग ती एकमेकांना जोडायची. त्यात ही पत्रके एव्हरेस्ट लंबवर्तुळाभावर आधारलेली आहेत आणि उपग्रहाच्या प्रतिमा व मोबाइलचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर; पृथ्वीचा आकार धरण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती. हा फरक संगणकाला सांगितला नाही तर जुना नकाशा नव्या प्रतिमेवर नीट बसत नाही आणि रस्त्याच्या पलीकडची विहीर अलीकडे येते. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडणे, म्हणजे नेमके काय, हे फळ्यावर तासभर शिकवून जे समजत नाही ते नाशिकची ही दोन पत्रके जोडताना एका दुपारी समजते. कोणत्याही पाठ्यपुस्तकाला न सुचलेला इतका चांगला धडा आपल्या शहराला केवळ त्याच्या स्थानामुळे मिळाला आहे, तर तो आपण वापरला पाहिजे.

पुराचा धडा त्याहून गंभीर आहे. सप्टेंबर २००८ मधील गोदावरीच्या पुरानंतर पूररेषा हा शब्द नाशिकमध्ये घरोघरी पोचला. साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, यांच्या आत आपले घर येते का, हे गोदाकाठच्या आणि नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्या काठच्या प्रत्येक कुटुंबाला जाणून घ्यायचे असते. एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः असा नकाशा करायला घेतला, तर त्याच्या हाती सर्वांत सहज येते ती फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने घेतलेली, ३० मीटरच्या चौकोनांची उंचीची माहिती. तिच्यावरून गंगापूर धरणाचे पाणलोट क्षेत्र काढणे, ब्रह्मगिरीपासून उतरणारे ओहोळ शोधणे हे उत्तम जमते आणि ते शिकवलेच पाहिजे. पण त्याच माहितीत उंचीची चूक काही मीटरांची असू शकते, आणि दाट वस्तीत रडारने जमिनीऐवजी छपरांची उंची टिपलेली असते. सराफ बाजारात पाणी कोणत्या दुकानापर्यंत येईल, हे अशा माहितीवरून ठरवणे धोक्याचे आहे. संगणक तसे सांगत नाही. तो निळ्या रंगाचा अतिशय सुबक नकाशा काढून देतो, आणि तो नकाशा मोबाइलवरून पसरला की लोक त्यावर विश्वास ठेवतात. म्हणून नकाशा कसा काढायचा यासोबत तो कोणत्या कामासाठी वापरायचा नाही, हेही त्याच टेबलाशी शिकवले गेले पाहिजे.

यात नाशिककरांचे स्वतःचे ज्ञानही उपयोगी पडते. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या भागापर्यंत पाणी चढले यावरून जुने लोक पुराची तीव्रता सांगतात : गुडघ्याला लागले, छातीला लागले, डोक्यावरून गेले. या मूर्तीची पायापासूनची उंची मोजून, तिचा पाया समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे अचूक यंत्राने ठरवून, जुन्या छायाचित्रांतील आणि वर्तमानपत्रांतील पाण्याच्या खुणा तिच्याशी ताडून पाहिल्या, तर प्रत्येक पुराला एक उंची देता येईल. वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली सांभाळल्या जातात त्या ग्रंथालयांतच, आणि १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय तर शहराच्या मध्यभागी आहे. या कामासाठी इतिहासाचा विद्यार्थी, अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि एखादे निवृत्त सर्वेक्षक एकत्र बसायला हवेत. त्यांना एकत्र बसवणारी दुसरी जागा मला या शहरात दिसत नाही.

पावसाबाबतही असेच. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला येवला-नांदगावकडे जाताना तो पाचशे-सहाशे मिलिमीटरपर्यंत उतरतो. जलसंधारण, पीकपद्धती, स्थलांतर, टँकर असे जिल्ह्यातले बहुतेक प्रश्न या उतरंडीवर बेतलेले आहेत. पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून मधल्या गावांचा पाऊस अंदाजणे हा जीआयएसमधला नेहमीचा पाठ आहे. पण तो सह्याद्रीच्या कड्याजवळ करताना डोंगराच्या अलीकडचे केंद्र पलीकडच्या गावाला लावून चालत नाही, हे इथला भूभाग पाहिलेल्यालाच सुचते.

शेतीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मुक्त विद्यापीठाचे कितीतरी विद्यार्थी स्वतः शेती करतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळतात, त्यातला एक चौकोन १० मीटरचा असतो आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात. एवढे ऐकून विद्यार्थी उत्साहाने निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांचा नकाशा करायला बसतात. ऑक्टोबर छाटणीनंतरची प्रतिमा घेतली तर बाग उघडी दिसते आणि संगणक तिला पडीक जमीन समजतो. दोन ओळींमधली माती त्याच चौकोनात मिसळलेली असते, त्यामुळे हिरवेपणाचा निर्देशांकही कमीच येतो. छाटणी कोणत्या आठवड्यात झाली हे बागायतदाराला विचारल्याशिवाय या प्रतिमेचा अर्थ लागत नाही, आणि आपल्या विद्यापीठाच्या वर्गात तो बागायतदारच विद्यार्थी म्हणून बसलेला असतो. खरिपात तर जून ते सप्टेंबर ढगांमुळे अशा प्रतिमा जवळजवळ निरुपयोगी ठरतात. तेव्हा ढगांतून पार जाणाऱ्या रडारच्या, म्हणजे सेंटिनेल-१ च्या प्रतिमा वाचायला शिकावे लागते. प्रास्ताविक कार्यशाळेत हा भाग येत नाही. आपल्या जिल्ह्यात मात्र तो आला नाही तर वर्षातले चार महिने विद्यार्थी आंधळे राहतात. पाणी मोजण्याचा पहिला सराव नांदूरमध्यमेश्वरवर करावा, असे मी सुचवीन. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आल्याचे २०२० मध्ये जाहीर झालेली महाराष्ट्रातली ही पहिली जागा. पावसाळ्यानंतरची आणि उन्हाळ्यातली अशा दोन प्रतिमा घेऊन पाण्याचा पसारा किती आटला हे मोजले, की निर्देशांक, उंबरठा-मूल्य (कोणत्या आकड्यापुढे पाणी मानायचे ती मर्यादा) आणि क्षेत्रफळ या तिन्ही गोष्टी एकदम हाताखालून जातात.

सुरगाणा, पेठ, कळवण या भागांतून येणाऱ्या मुलांचा प्रश्न मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दावा करताना १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. लॅन्डसॅट उपग्रहांच्या त्या काळातील प्रतिमा २००८ पासून सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत, म्हणून अनेकांना वाटते की प्रतिमा उघडली की उत्तर मिळाले. पण तिचा एक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटरचा असतो. एक एकर जमिनीवर असे जेमतेम साडेचार चौकोन बसतात, आणि डोंगरउतारावर सावली पडली तर त्यांतूनही काही कळत नाही. त्या काळात लॅन्डसॅट-७ च्या यंत्रात बिघाड असल्यामुळे त्याच्या प्रतिमांवर रिकामे पट्टेही आहेत. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे की उपग्रह प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. ज्या घरावर या दाव्याचा परिणाम होणार आहे त्या घरातल्या मुलाला किंवा मुलीला ही प्रतिमा स्वतः उघडता आली, तिच्या मर्यादा सांगता आल्या आणि आपल्या शेताची हद्द मोबाइलवर क्यूफिल्डसारख्या अ‍ॅपमध्ये नेटवर्क नसतानाही चालत जाऊन टिपता आली, तर कोणी दाखवलेल्या रंगीत कागदापुढे गप्प बसण्याची वेळ तिच्यावर येणार नाही. मला या प्रशिक्षणाची निकड वाटते ती सर्वांत आधी यासाठी.

आरोग्य विज्ञान विद्यापीठाला या विषयाचे महत्त्व मी सांगायला नको. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली आणि ती ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेली दाखवली. साथरोगशास्त्र शिकणारा प्रत्येक जण हे वाचतो. आपल्या जिल्ह्यात करण्यासारखे काम वेगळे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक आणि सपाट भागात ३०,००० मागे एक, असा निकष आहे. या निकषात डोकी मोजली जातात. मधला घाट आणि पावसाळ्यात भरून वाहणारा ओढा मोजला जात नाही. रस्त्यांची लेयर घेऊन, चढ-उतार आणि पावसाळ्यात बंद पडणारे फरशीपूल लक्षात धरून, गरोदर बाईला केंद्रापर्यंत पोचायला लागणारा वेळ गावागणिक काढता येतो. सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या आणि परिचर्येच्या विद्यार्थ्यांनी हे स्वतः केले पाहिजे, कारण कोणता पूल बुडतो हे त्यांना आशा कार्यकर्तीकडून कळते. त्याच वेळी रुग्णाचे घर बिंदूने दाखवणारा नकाशा कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाऊ नये, माहिती प्रभागाच्या किंवा गावाच्या पातळीवर एकत्र करूनच दाखवावी, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. क्षयरोग्याच्या घरावर नकाशात टाकलेला ठिपका त्या कुटुंबाला किती महागात पडू शकतो, हे आपण जाणताच.

भाषेबाबत माझी आग्रहाची विनंती आहे की हे प्रशिक्षण मराठीतून व्हावे. बफर, क्लिप, लेयर, प्लगइन हे शब्द जसेच्या तसे राहू द्यावेत, विद्यार्थ्यांना त्यांचा त्रास होत नाही. पण का आणि कसे हे मराठीत सांगितले गेले पाहिजे. शिवाय माहितीच मराठीत असते तेव्हा काही तांत्रिक अडचणी येतात आणि इंग्रजी पुस्तिकांत त्यांचा उल्लेखही नसतो. नकाशाची माहिती साठवण्याचा शेपफाइल हा प्रकार अजून सर्वत्र चालतो. त्यातल्या तक्त्याच्या स्तंभाला नाव द्यायला दहाच बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या संगणकाच्या अक्षर-संकेतात देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून ‘लोकसंख्या’ हे शीर्षक दिले की तीन चिन्हांनंतर तुटते. एन्कोडिंग, म्हणजे हा अक्षर-संकेत, चुकीचे निवडले तर सगळी गावे प्रश्नचिन्हे होतात. जिओपॅकेज या नव्या प्रकारात माहिती ठेवली की या दोन्ही अडचणी सुटतात, पण हे कोणी सांगितलेले नसते म्हणून विद्यार्थी मराठी नावे टाकून रोमन लिपीत गावे लिहू लागतो. मग पुढची अडचण येते. जनगणनेच्या तक्त्यात गावाचे स्पेलिंग एक असते, सीमारेषांच्या फाइलीत दुसरे असते, आणि नावावरून जोडणी केली की शेकडो गावे रिकामी राहतात. एकट्या आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव बहुला आणि पिंपळगाव खांब आहेत. वडनेर भैरव, वडनेर दुमाला आणि वडनेर खाकुर्डी आहेत. गावाच्या संकेतांकावरून जोडणी करायची, नावावरून नाही, हा नियम आणि देवनागरी कशी जपायची याची पद्धत यांवर एक छोटी मराठी पुस्तिका ग्रंथालयाने काढली, तर तिचा उपयोग साऱ्या महाराष्ट्राला होईल. मुक्त विद्यापीठाने दूरस्थ विद्यार्थ्यांसाठी मराठीतून अध्ययन साहित्य तयार करण्याचे काम सातत्याने केले आहे; हे त्याच्याच पुढचे पाऊल ठरेल.

खर्चाविषयी थोडक्यात. क्यूजीआयएस हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर २००२ पासून विकसित होत आले आहे, त्याला परवाना शुल्क नाही आणि विद्यार्थी ते घरच्या संगणकावरही कायदेशीरपणे वापरू शकतो. महागड्या सॉफ्टवेअरवर शिकवले आणि पदवीनंतर परवाना संपला, तर शिकलेले हातातून जाते. म्हणून आरंभ मुक्त सॉफ्टवेअरवरच व्हावा असे माझे ठाम मत आहे. १६ जीबी मेमरीचे वीस संगणक, एक सर्व्हर आणि एक स्कॅनर एवढे साहित्य पुरे. सर्व्हर यासाठी की सेंटिनेल-२ च्या एका दृश्याची फाइल एक जीबीपर्यंत जाते आणि वीस जणांनी ती एकाच वेळी उतरवायला घेतली की सगळी दुपार त्यातच जाते. जिल्ह्याची प्रतिमा, उंचीची माहिती, पंधराही तालुक्यांच्या सीमा आणि इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावरून मिळणारे साहित्य आधीच तेथे ठेवलेले असावे. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे आणि भूस्थानिक माहिती तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली, २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. त्यामुळे पूर्वी संस्थांना वाटणारी धास्ती आता वाटण्याचे कारण उरलेले नाही.

खरा खर्च माणसाचा आहे आणि तो टाळू नये. तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक तास घेऊन जाईल. मला अभिप्रेत असलेला जीआयएस सहायक ग्रंथालयाचा नियमित कर्मचारी असावा, रोज दुपारी ठरावीक वेळी त्याचे टेबल खुले असावे आणि कोणीही आपला लॅपटॉप किंवा पेनड्राइव्ह घेऊन त्याच्यापाशी बसावे. त्याच्या जोडीला ग्रंथालयातील दोन कर्मचाऱ्यांनाही हे शिकवावे, म्हणजे तो रजेवर गेला तरी काम थांबणार नाही. प्रशिक्षणाची तुकडी सहा आठवड्यांची असावी, आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती शनिवारी-रविवारी भरावी. पहिल्याच बैठकीत प्रत्येकाने आपला प्रश्न कागदावर लिहावा : माझ्या गावातल्या विहिरी, माझ्या वॉर्डातले डेंग्यूचे रुग्ण, माझ्या आजोबांच्या काळातला बाजारपेठेचा रस्ता. पुढचे सारे शिकणे त्या प्रश्नाच्या मागे जावे. शेवटी तयार झालेली माहिती कोणी, केव्हा, कशी गोळा केली याच्या नोंदीसह ग्रंथालयात जमा व्हावी. आज असे प्रकल्प गुण मिळाल्यावर पेनड्राइव्हमध्ये हरवतात आणि पुढचा विद्यार्थी त्याच गावाच्या त्याच विहिरी पुन्हा मोजतो. ग्रंथालयाने या नोंदी सांभाळल्या तर दहा वर्षांनी विहिरींची पातळी कुठे गेली हे कोणालाही ताडून पाहता येईल.

आंतरजालावर शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत, मग हे कशाला, असेही विचारले जाईल. व्हिडिओ चांगले आहेत, आणि देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७ पासून दूरशिक्षणाचे जे वर्ग चालवते ते तर फारच उपयुक्त आहेत. ते वर्ग ग्रंथालयात एकत्र बसून पाहावेत आणि लगेच त्याचा सराव करावा, असे मी सुचवते. पण व्हिडिओ थांबवून ‘माझ्याकडे असे का झाले’ हे विचारता येत नाही.

येत्या सिंहस्थाच्या तयारीने शहरात रस्ते, घाट आणि निवाऱ्यांचे नकाशे रोज बदलत आहेत. हा बदल नोंदवायला यापेक्षा योग्य वेळ नाही. म्हणून माझी विनंती अशी आहे की आपण ग्रंथालय समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि येत्या शैक्षणिक सत्रात निदान एका ग्रंथालयात पहिली तुकडी सुरू करावी. दोन्ही विद्यापीठांनी मिळून एकच सहायक नेमला आणि तो आठवड्यातले दिवस वाटून बसला तरी आरंभाला चालेल. मेरीसारखी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारखी, संस्था याच शहरात आहे. तेथून आणि सर्वेक्षण, जलसंपदा, वन या खात्यांतून निवृत्त झालेले अनुभवी लोक नाशिकमध्ये राहतात, त्यांना सन्मानाने बोलावले तर ते नक्की येतील. शनिवारच्या तुकडीला शिकवायला मी स्वतः विनामानधन येईन, आणि वर उल्लेखिलेल्या मराठी पुस्तिकेचा पहिला मसुदा बैठकीपूर्वी आपल्याकडे पाठवण्याची माझी तयारी आहे. बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपली नम्र,
भूगोलाची एक प्राध्यापिका,
नाशिक